पेशींच्या अंगावरच्या खुणा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने आणि त्यांच्या अभ्यासासाठी वापरली जाणारी प्रतिपिंडे’ असे आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत छापले आहे. नाव एवढे लांबलचक आहे की ते वाचूनच निम्म्या जणी घरी राहतील अशी मला धास्ती वाटत होती. तुम्ही आलात, याबद्दल आभार. विषय वास्तविक आपल्या घरातलाच आहे. बाळाची नाळ, जखमेतला पू, सारखा येणारा ताप, रक्तदानाचे शिबिर, या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. त्यांच्याच आधाराने मी बोलणार आहे. मी काही वर्षे प्रयोगशाळेत काम केलेली बाई आहे. व्याख्यानाची सवय नाही, तेव्हा बोलणे थोडे इकडेतिकडे गेले तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. रक्ताचा गट कसा पाहतात हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले असेल. काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेतात, एकावर ‘अ’ ओळखणारे औषध घालतात, दुसऱ्यावर ‘ब’ ओळखणारे. ज्या थेंबाची दह्यासारखी गुठळी होते तो गट. कुठेच गुठळी झाली नाही तर ‘ओ’. हे जे ओळखणारे औषध, त्यालाच प्रतिपिंड म्हणायचे. त्याचा आकार मुलांच्या बेचकीसारखा असतो. बेचकीचे दोन्ही शेंडे एकच विशिष्ट खूण पकडतात, दुसरी नाही. एक शेंडा या पेशीला आणि दुसरा शेजारच्या पेशीला चिकटला की गुठळी होते.

१९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना काही माणसांचे रक्त चमत्कारिक वागताना दिसले. चाचणीत ते ‘ओ’ दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्त त्याच्याशी मिसळले की त्याचीही गुठळी होई. म्हणजे या माणसांना ‘ओ’ रक्तही चालत नव्हते! अधिक तपासणीत इंग्लंडमधले तज्ज्ञ सहभागी झाले. त्यांत रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या दोन स्त्रिया होत्या, हे मी मुद्दाम सांगते. तपासाअंती असे ठरले की ‘अ’ आणि ‘ब’ या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नसतो. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात हा शोध छापून आला आणि त्या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव जगभर मिळाले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे मात्र बदलले नाही.

ही खूण साखरेची आहे आणि तांबड्या पेशीवरची आहे. आपला विषय पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांचा. पण रीत तीच. पेशी डोळ्यांना सारख्या दिसतात, त्यांच्या अंगावरची खूण वेगळी असते, आणि ती ओळखायला योग्य प्रतिपिंड हाताशी लागते. ते हाताशी नसेल तर ‘बॉम्बे’ गटाचा माणूस ‘ओ’ म्हणून नोंदला जातो आणि नेमका रक्त द्यायच्या वेळी घात होतो. आपल्या शिबिरात ज्यांचा गट ‘ओ’ निघतो त्यांनी घाबरू नये, कारण रक्त देण्यापूर्वी ते रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहतातच. ही जुळवणी कोणी टाळू मात्र नये, रात्रीची कितीही घाई असली तरी.

या शोधानंतर पाच वर्षांनी, १९५७ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने के. ई. एम.च्याच आवारात रक्तगट संदर्भ केंद्र काढले. त्याचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. भाटिया पुढे तिचे संचालक होते. ही संस्था आजच्या कथेत पुन्हा येणार आहे.

आता थोडे स्वयंपाकघरात जाऊ. आपले कुळीथ! पिठले करतो ते, सर्दीवर कढण देतो ते. त्याच सुमारास पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात बर्ड नावाचे डॉक्टर होते. कुळथाच्या अर्काने ‘अ’ गटातल्या एका पोटगटाच्या पेशींचीच गुठळी होते, हे त्यांनी दाखवले. कुळथातला तो पदार्थ प्रतिपिंड नव्हे, पण खूण ओळखण्याचे काम तसेच करतो. रक्तपेढ्या आजही तो वापरतात. माझ्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आम्ही इतकी वर्षे पिठल्यात काय घालत होतो?” शिजवल्यावर त्याची ती शक्ती जाते, तेव्हा पिठले निर्धास्त खावे.

पांढऱ्या पेशींची गोष्ट याहून अवघड. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतल्या काही जाती सहज ओळखू येतात, पण ज्यांना लिंफोसाइट म्हणतात त्या सगळ्या एकसारख्या, गोल, मोठ्या केंद्राच्या. आणि त्यांच्यातच तर कामाची वाटणी झालेली असते. कोणी प्रतिपिंडे तयार करतात, कोणी रोगट पेशी मारतात, कोणी या सगळ्यांना हुकूम देतात. जुन्या काळी त्या ओळखायला एक गमतीची युक्ती होती. मेंढीच्या तांबड्या पेशी त्यांच्यात मिसळायच्या. ‘टी’ जातीच्या पेशीभोवती त्या चिकटत आणि शेवंतीचे फूल उमलल्यासारखे दिसे. मग डोळ्याला डोळा लावून फुले मोजत बसायचे. वसईच्या फूलवाल्यांना ते काम चांगले जमले असते.

खरा पालट झाला १९७५ साली. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी जी रीत काढली ती मी आपल्या भाषेत सांगते. उंदराला माणसाच्या पांढऱ्या पेशी टोचतात. उंदराचे शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे करू लागते, आणि ती करणाऱ्या पेशी त्याच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, गोळा होतात. पण त्यांचे आयुष्य थोडे. बाहेर काढल्या की काही दिवसांत मरतात. उलट एका जातीच्या कर्करोगाच्या पेशी कधी मरतच नाहीत, नुसत्या वाढत जातात. या दोघींना जोडून एक पेशी केली तर? तिच्याकडे एकीचे कौशल्य आणि दुसरीचे दीर्घायुष्य, दोन्ही येतात. जोडलेल्या पेशी एका खास द्रवात ठेवतात, म्हणजे न जोडलेल्या आपोआप मरून जातात. उरलेल्या, आपल्या अप्पेपात्राला असतात तशा ९६ खळग्यांच्या ताटात, एका खळग्यात एक अशा वाटून टाकतात. एकेका खळग्यात एकाच पेशीचा वंश वाढतो आणि तो एकाच प्रकारचे प्रतिपिंड देत राहतो, आज, उद्या, दहा वर्षांनीही तेच. मग कोणता खळगा कोणती खूण ओळखतो हे तपासत बसायचे. हे बसणे महिनोन् महिने चालते.

या दोघांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, नील्स येर्ने यांच्याबरोबर. रीतीचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. पुढे तिच्यावर जगभर केवढे मोठे धंदे उभे राहिले हे पाहिले म्हणजे काहींना हळहळ वाटते. मला वाटते बरेच झाले. पेटंट झाले असते तर आपल्यासारख्या देशांतल्या प्रयोगशाळांपर्यंत ही रीत केव्हा पोहोचली असती कोण जाणे.

रीत सोपी झाली तशी जगभर प्रतिपिंडे निघू लागली आणि नावांचा गोंधळ उडाला. तो आपल्याला चटकन समजेल. एकाच बाईचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे आणि शेजारणींनी ठेवलेले तिसरे असते, तसे एकाच प्रथिनाला एका प्रयोगशाळेत टी-फोर, दुसरीत ल्यू-थ्री म्हणत. १९८२ साली पॅरिसला सगळे एकत्र जमले, एकमेकांची प्रतिपिंडे ताडून पाहिली आणि ‘सीडी’ या अक्षरांपुढे क्रमांक देण्याचे ठरले. वर सांगितलेले प्रथिन तेव्हापासून सीडी-४. आज हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. सगळे लक्षात ठेवायची गरज नाही. मलाही ते येत नाहीत.

प्रतिपिंड खुणेला चिकटले हे दिसायचे कसे? त्याला चमकणारा रंग जोडतात. ही कल्पना अल्बर्ट कून्स यांची, १९४१ सालची. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला लेन आणि ली हर्झेनबर्ग या पतिपत्नींच्या प्रयोगशाळेत असे यंत्र घडले की रक्तातल्या पेशी एकामागून एक बारीक धारेतून जातात, त्यांच्यावर प्रखर किरण पडतो आणि जिच्या अंगावर रंग असेल ती चमकते. विरारच्या फलाटावर सकाळी गर्दीतून कोण कुठे चालले आहे ते सांगता येणार नाही. पण सगळ्यांना एकेरी रांगेत अरुंद दारातून जायला लावले आणि वसईच्या बायकांना आधीच हळदीकुंकू लावलेले असले, तर मोजणी सोपी. हे यंत्र सेकंदाला हजारो पेशी अशा मोजते.

एक सावधगिरीही सांगून ठेवते. कुपीवर सीडी-अमुक लिहिले आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. बरणीवर ‘मोरांबा’ अशी चिठ्ठी आहे म्हणून आत मोरांबाच असेल असे थोडेच आहे? म्हणून ज्या पेशीवर ती खूण नक्की आहे आणि जिच्यावर नक्की नाही, अशा दोन्हींवर ते आधी पारखून घ्यावे लागते. कुपी २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवावी लागते, गोठली तर वाया. त्यांतल्या पुष्कळशा परदेशांतून येतात आणि एकेका इवल्याशा कुपीला हजारो रुपये पडतात. वीज गेली की प्रयोगशाळेतल्या मुलींचा जीव खालीवर होतो तो यामुळे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे येते.

समजा, एखाद्या घरी बाळ झाले. दहा-पंधरा दिवसांत नाळ गळून पडायची ती महिना झाला तरी पडत नाही. बेंबी लाल होते, चिघळते, पण तिथे पू होत नाही. म्हातारी माणसे म्हणतात, पू नाही तर काळजी नाही. पुढे हिरड्या, कान, कातडी, कुठे ना कुठे जखम होते आणि भरून येत नाही. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी ३०-४० हजार, कधी त्याहूनही अधिक. मोठ्या माणसात त्या ४ ते ११ हजार असतात. आता हे कोडे पाहा. शिपाई एवढे भरमसाट आणि तरी जखम भरत नाही!

कारण असे की पांढऱ्या पेशीला रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेकडे जायचे तर आधी वाहिनीच्या आतल्या भिंतीला धरून थांबावे लागते. धरण्यासाठी तिच्या अंगावर जो हूक असतो त्याचा एक भाग म्हणजे सीडी-१८ हे प्रथिन. या बाळांत तेच नसते, किंवा फार थोडे असते. पेशी रक्तात नुसत्या वाहत राहतात, संख्या वाढत जाते, आणि जखमेपाशी कोणी पोहोचत नाही. पू म्हणजे तरी काय, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्या गेल्याच नाहीत तर पू कुठून होणार? तेव्हा अशा वेळी पू नसणे हे सुलक्षण नव्हे.

हे निदान सीडी-१८ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने थोड्याशा रक्तावर त्याच दिवशी होऊ शकते. परळच्या ज्या संस्थेचा मी उल्लेख केला तिथे हे काम होते, आणि अशा मुलांविषयी तिथून प्रबंधही प्रसिद्ध झाले आहेत. रोग गंभीर असेल तर बाळ पहिल्या एकदोन वर्षांतच दगावते. उपाय म्हणजे दुसऱ्याची अस्थिमज्जा देणे, आणि तो जितका लवकर होईल तितका बरा. म्हणून वेळेला किंमत आहे.

रोग फार विरळा आहे, हे लगेच सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या सकाळी प्रत्येक घरी बाळाच्या बेंबीची पाहणी सुरू होईल. नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना काहीच झालेले नसते. बेंबी कोरडी आणि स्वच्छ ठेवावी, तिच्यावर तेल, हळद, राख काही घालू नये. पण तीन-चार आठवड्यांनंतरही नाळ पडली नाही आणि बाळाला ताप किंवा चिघळणे आहे, तर डॉक्टरांना दाखवावे आणि नाळेची ही गोष्ट आपण होऊन सांगावी. आई बाळंतपणाने थकलेली असते, बाप कामावर जातो. नाळ केव्हा पडली हे नेमके आजीला ठाऊक असते. तेव्हा दवाखान्यात आजीने जावे.

आणखी एक गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगते. हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्हीकडून आला तरच रोग होतो. दोघेही धडधाकट असतात. त्यांच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव चारांत एक. नात्यातली लग्ने, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, जिथे होतात तिथे दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मी कोणाच्या घरातल्या चालीरीतींवर बोलायला आलेली नाही. पण ज्या घरात तान्ही मुले वारंवार गेली, तिथे सुनेच्या पायगुणाची चर्चा होते, ती तेवढी बंद व्हावी. दोष दोन्ही घराण्यांचा सारखा असतो. पहिल्या मुलाचे निदान नीट झाले असेल तर पुढच्या गरोदरपणात तपासणी करता येते, आणि मूल दगावल्यावर मागे काहीच कागद नसेल तर तीही वाट बंद होते.

याच जातीचा दुसरा आजार म्हणजे ‘टी’ पेशीच नसणे. तो सीडी-३ च्या प्रतिपिंडाने कळतो. याचा एक प्रकार आईकडून फक्त मुलग्यांत उतरतो. इथे लशीची गोष्ट येते. आपल्याकडे बाळ जन्मले की क्षयाची बी. सी. जी. लस टोचतात. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. सर्वसाधारण बाळाला ती उपकारकच आहे, ती कोणी चुकवू नये. परंतु ज्या घरात आधीचे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेले आहे, त्या घरच्यांनी लस टोचण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. ‘टी’ पेशी नसलेल्या बाळाला तीच लस बाधते. गेलेल्या मुलाचे नाव शुभ प्रसंगी काढू नये अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या एका दिवशी ते काढावे.

सीडी-४ चे नाव मघाशी आले. एड्सचा विषाणू पेशीत शिरतो तो याच प्रथिनाला धरून. आपल्या देशात हा विषाणू १९८६ साली मद्रासमध्ये प्रथम दाखवून दिला तो डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे रोग्याच्या सीडी-४ पेशींची मोजणी पाहूनच औषध सुरू करायचे की नाही हे ठरे. संख्या २०० च्या खाली जाईपर्यंत थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत; दर सहा महिन्यांनी आकडा घ्यायला येत, परीक्षेच्या निकालाला यावे तशा. २०१७ पासून ती अट गेली. रोग कळला की औषध सुरू करतात, मोजणी फक्त अंदाजासाठी उरली.

शेवटी अलीकडची गोष्ट. काही रक्ताच्या कर्करोगांत बिघडलेल्या ‘बी’ पेशींवर सीडी-१९ ही खूण असते. पवईच्या आय. आय. टी.मधील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर यांनी सीडी-१९ पकडणाऱ्या बेचकीच्या शेंड्याचा आराखडा रोग्याच्या स्वतःच्या ‘टी’ पेशींत घालून त्या पेशी त्याला परत देण्याचा उपचार तयार केला. २०२१ च्या जूनमध्ये तो खारघरला पहिल्यांदा दिला गेला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी मान्यता मिळाली. परदेशांत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. वर्तमानपत्रांनी ‘स्वस्त’ असे लिहिले. आपल्या मंडळातल्या कोणत्या घरी तीस लाख आहेत? काम मोठे आहे यात शंका नाही, पण तो शब्द मला खटकला. शिवाय चांगल्या ‘बी’ पेशींवरही तीच खूण असल्यामुळे त्याही मारल्या जातात आणि रोग्याला पुढे जपावे लागते.

एका भगिनीने आधीच चिठ्ठी पाठवून विचारले आहे की अशा तपासणीसाठी रक्त द्यायला परळलाच जावे लागते का. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि संस्थेला आधी विचारून ठरवावे. पण नमुना इथून न्यायचा झाला तर काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. या तपासणीला पेशी जिवंत लागतात, म्हणून नळी बर्फात घालायची नाही, उन्हात ठेवायची नाही, आणि तिच्यावर नाव, तारीख व वेळ लिहायला विसरायचे नाही. एकदोन दिवसांच्या आत ती तपासली गेली पाहिजे, म्हणून शनिवारी दुपारी रक्त काढण्यात अर्थ नसतो. बाळाबरोबर त्याच्या आईवडिलांचे, निदान एखाद्या निरोगी माणसाचे रक्तही ताडून पाहण्यासाठी मागतात, ते देण्याची तयारी ठेवावी. सोमवारी सकाळी वसईला रक्त काढले आणि लगेच गाडी धरून दादरमार्गे परळला नेले, तर दुपारच्या आत ते यंत्रापाशी असते.